पुण्यातल्या घरात हापूसची आढी कशी लावावी

हापूसची झाडे कोकणात, तोडणी कोकणात, आणि पुणेकराच्या वाट्याला येते ती पेटी. असे असूनही आंब्याच्या हंगामातले इथले बहुतेक घरगुती रिवाज त्या पेटीभोवतीच वाढलेले आहेत. पहिला आंबा देवापुढे कधी ठेवायचा, लेकीकडे किती पाठवायचे, रस कोणत्या रविवारी काढायचा आणि उरलेला आटवायचा की नाही, हे सगळे ठरते ते घरात लावलेल्या आढीच्या, म्हणजे पेंढ्यात पिकत घातलेल्या आंब्यांच्या, हिशेबाने. तयार आंब्याचा डझनाचा बॉक्स आणला की यांतले बरेचसे काम उरतच नाही, आणि काम उरले नाही की त्याला चिकटलेला रिवाजही हळूहळू सुटतो, असे माझे निरीक्षण आहे. म्हणून माझा सल्ला असा की हंगामात एकदा तरी कच्च्या आंब्याची पेटी आणावी आणि आढी घरीच लावावी. फ्लॅटमध्येही ते सहज जमते.

आधी दिवसांचा हिशेब करावा. कच्चा पण नीट जून (पूर्ण वाढ झालेला) हापूस घरच्या आढीत साधारण आठ ते बारा दिवसांत तयार होतो. अनेक घरांत अक्षय्य तृतीयेला पितरांच्या नावाने उदककुंभ (पाण्याने भरलेला घडा) देऊन, त्यासोबत आंबा ठेवून आणि रसाचा नैवेद्य दाखवून मगच आंबा खायला सुरुवात होते. त्याआधी आंबा तोंडात घालायचा नाही असा दंडक काही ठिकाणी आजही पाळला जातो. हा सण एप्रिलच्या उत्तरार्धात किंवा मेच्या पूर्वार्धात येतो. तेव्हा कॅलेंडरवर अक्षय्य तृतीया पाहावी, तिथून दहा-बारा दिवस मागे मोजावे आणि त्या सुमारास पेटी घरात येईल असे पाहावे. सणाच्या आदल्या दिवशी बाजारात जाणाऱ्याला पिकलेला आंबा चढ्या भावाने घ्यावा लागतो, कारण त्या दिवशी साऱ्या शहराला तोच हवा असतो. याच दिवशी दगडूशेठ हलवाई गणपतीला ११ हजार हापूस आंब्यांचा महानैवेद्य दाखवला जातो आणि त्या दर्शनाच्या रांगेतून घरी परतणारी माणसे वाटेत पेट्यांचे भाव विचारत येतात. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवासाठी मात्र आढीची गरज नाही. तिथली आंब्याची डाळ आणि पन्हे कैरीचेच असते.

खरेदीसाठी गुलटेकडीच्या मार्केट यार्डात जावे, शक्यतो सकाळी लवकर. महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळ हंगामात आंबा महोत्सव भरवते. तिथे कोकणातले बागायतदार स्वतः माल घेऊन बसतात आणि आंबा कधी उतरवला हे थेट विचारता येते, ही मोठी सोय आहे. पुण्याच्या बाजारात कर्नाटकातूनही हापूसची मोठी आवक होते. तो स्वस्त असतो, खायला वाईट नसतो, पण रत्नागिरी-देवगडच्या नावाने आणि भावाने तो गळ्यात पडू नये एवढी दक्षता घ्यावी. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांपुरते आहे. कोकणातल्या हापूसची साल पातळ असते आणि कापल्यावर गर केशरी निघतो. कर्नाटकातल्याची साल तुलनेने जाड आणि गर पिवळसर असतो. शंका आली तर विक्रेत्याला एक पिकलेले फळ कापून दाखवायला सांगावे. लाकडी पेटी चार डझनी, पाच डझनी, सहा डझनी अशी फळाच्या आकाराप्रमाणे भरलेली असते; मोठे फळ म्हणजे गोड फळ असे नाही, आणि चार माणसांच्या घराला मध्यम आकाराची पाच डझनी पेटी पुरेशी होते. पेटी वरचा थर पाहून घेऊ नये. खालच्या थरातले दोन-चार आंबे बाहेर काढून दाखवायला सांगावेत. सांगण्यात संकोच करू नये.

आता मुख्य परीक्षा जूनपणाची. आढी कितीही काळजीने लावली तरी कोवळा उतरवलेला आंबा पिकत नाही, तो नुसता सुरकुततो, आणि कापल्यावर आत पांचट, पांढरट गर निघतो. कोकणात आंबा चौदा आणे तयार झाला की उतरवतात, म्हणजे झाडावर पूर्ण पिकण्याच्या थोडे आधी. असा आंबा हातात घेतला तर देठाच्या दोन्ही बाजूंचे खांदे देठापेक्षा वर उचललेले दिसतात आणि देठाभोवती किंचित खळगा पडलेला असतो. कोवळ्या फळात खांदे उतरते राहतात आणि देठ वर डोकावतो. सालीचा गडद हिरवा रंग फिका पडू लागलेला असतो आणि तिच्यावरचे बारीक ठिपके स्पष्ट दिसू लागतात. घरी आल्यावर खात्री करायची असेल तर पेटीतले चार-पाच आंबे पाण्याच्या बादलीत सोडावेत. जून आंबा तळाला जातो, कोवळा तरंगतो. भिजवलेले आंबे लगेच कोरड्या फडक्याने पुसून पंख्याखाली पूर्ण वाळवावेत. संपूर्ण पेटी भिजवू नये, कारण ओल हा आढीचा पहिला शत्रू आहे. त्याच वेळी देठही तपासावेत. चांगला आंबा झेल्याने (फळ उतरवायच्या जाळीच्या काठीने), थोडासा देठ राखून उतरवलेला असतो. देठ मुळापासून तुटला की चीक सालीवर ओघळून तिथे काळे चट्टे पडतात आणि त्या उघड्या जागेतून बुरशी आत शिरते, म्हणून बिनदेठाचे आंबे वेगळे काढून ते आधी खाण्याच्या यादीत टाकावेत.

कच्ची पेटी घेण्यामागे आणखी एक कारण आहे. कॅल्शियम कार्बाइडने फळे पिकवण्यास कायद्याने बंदी आहे, कारण त्यातून ॲसिटिलीन वायू सुटतो आणि व्यापारी कार्बाइडमध्ये आर्सेनिक व फॉस्फरसचे अंश असतात. इथिलीन वायू वापरून रायपनिंग चेंबरमध्ये पिकवण्यास मात्र परवानगी आहे, तीही दशलक्ष भागांत १०० भाग या मर्यादेपर्यंत. इथिलीन हे पिकताना फळ स्वतःच सोडत असलेले द्रव्य आहे, त्यामुळे त्याला उगाच घाबरण्याचे कारण नाही. पण बाहेरून एकसारखा पिवळाधमक, देठाशी नाक नेले तरी वास नाही आणि आतून आंबट, असा आंबा दिसला तर तो सोडून द्यावा. घरच्या आढीत ही शंका घ्यावी लागत नाही. आढी म्हणजे तरी काय, फळांनी सोडलेले इथिलीन आणि त्यांची ऊब पेंढ्यात धरून ठेवण्याची व्यवस्था.

जागा निवडताना पुण्याचा उन्हाळा लक्षात घ्यावा लागतो. जुन्या वाड्यात माजघर किंवा कोठीची खोली अंधारी आणि गार असे, तिथे आढी आपोआप सुखाने पिके. आता गच्चीखालच्या मजल्यावर राहणाऱ्यांच्या खोल्या दुपारी तापतात, आणि तीस अंशांच्या वर सतत गरम राहिलेल्या आंब्याचा गर मऊ होतो पण साल हिरवट, डागाळलेली राहते आणि स्वादही उतरतो. विशीच्या पुढे ते पंचवीस अंशांपर्यंतचे तापमान सर्वांत चांगले. म्हणून पश्चिमेच्या भिंतीची खोली टाळावी, पोटमाळा तर मुळीच नको. पलंगाखालची फरशी, जिथे ऊन पोहोचत नाही आणि दार थोडे उघडे राहू शकते, ती जागा बहुतेक घरांत योग्य ठरते. फ्रिजमध्ये कच्चा आंबा कधीही ठेवू नये. साधारण बारा-तेरा अंशांच्या खाली कच्च्या आंब्याला थंडी बाधते, साल काळवंडते, आणि पुढे बाहेर काढला तरी तो नीट पिकत नाही.

फरशीवर आधी गोणपाट किंवा जुनी सतरंजी घालावी आणि त्यावर चार बोटे जाडीचा भाताचा पेंढा पसरावा. लाकडी पेटीतच थोडा पेंढा येतो, पण तो पुरत नाही. मावळ, मुळशी, भोर भागात ओळखीचे कोणी असेल तर एक गठ्ठा मागवून ठेवावा. पेंढा कोरडा, बिनधुळीचा आणि बिनवासाचा हवा, हे नाकाने पाहावे. पेंढा अजिबातच मिळाला नाही तर कोऱ्या कागदाचे जाड थर चालतात, फक्त मग पिकण्याला एखाद-दुसरा दिवस जास्त लागतो. आंबे एकेक करून कोरड्या मऊ फडक्याने पुसावेत, आपटलेले, चिरलेले आणि काळ्या ठिपक्यांचे बाजूला काढावेत, आणि उरलेले पेंढ्यावर ओळीने मांडावेत. दोन आंब्यांमध्ये बोटभर अंतर असावे आणि देठाची बाजू वर दिसावी, म्हणजे रोजची पाहणी फळ न हलवता करता येते. त्यावर पेंढ्याचा पातळ थर, मग आंब्यांची दुसरी ओळ, आणि सर्वांत वर पुन्हा पेंढा. घरी दोनपेक्षा जास्त थर करू नयेत. वजनाने खालचे आंबे दबतात आणि खालच्या थरात काय चालले आहे ते कळत नाही. वरून गोणपाट हलकेच टाकावे, पण प्लॅस्टिक नको. प्लॅस्टिकखाली पाणी सुटते.

पहिले तीन दिवस आढीला हात लावू नये. चौथ्या-पाचव्या दिवशी खोलीत शिरताच वास येऊ लागतो, आणि इथून पुढे रोज एकदा आंबे निवडायचे काम सुरू होते. ते सकाळी करावे, कारण दुपारच्या उजेडात हिरवा आणि पिवळा यांतली छटा फसवते, आणि एकाच माणसाने करावे. आमच्या घरी हा मान आजीचा होता. ती पलंगाशी बसून पेंढा बाजूला सारायची, आणि आम्हा मुलांना फक्त रिकामी परात धरायची परवानगी असे. निवडताना आंबा बोटांनी दाबून पाहण्याची सवय वाईट, दाबलेल्या जागी दुसऱ्या दिवशी काळा डाग येतो. फळ सबंध तळहातात घ्यावे, अंगठा सालीवर नुसता टेकवावा आणि नाक देठाशी न्यावे. पिकू घातलेला हापूस आधी देठाकडून वास देतो, नंतर पिवळा होतो आणि शेवटी मऊ पडतो. या क्रमातली मधली अवस्था ओळखता आली की निवडणे जमले असे समजावे. निवडलेल्या आंब्यांचे आजचे, उद्याचे आणि परवाचे असे तीन वाटे करावेत. सालीवर अगदी बारीक सुरकुती धरलेला, देठाशी किंचित सैल वाटणारा आंबा सर्वांत गोड असतो. बाजारात त्याला कोणी विचारत नाही आणि घरात त्याच्यावरून भांडणे होतात. पिकलेला आंबा आढीत ठेवू नये. तो शेजारच्यांना घाईने पिकवतो, आणि मग एकाच दिवशी दोन डझन आंबे अंगावर येतात.

निवडताना दोन दोष विशेष सांभाळावे लागतात. एक देठकूज, म्हणजे देठाभोवती तपकिरी वर्तुळ दिसू लागते आणि ते एका दिवसात खाली उतरते. असे फळ ताबडतोब काढावे, खालचा पेंढाही बदलावा, आणि फळाचा चांगला भाग कापून त्याच दिवशी वापरावा. दुसरा दोष म्हणजे साका. आंबा बाहेरून निर्दोष, वास उत्तम, आणि कापल्यावर कोयीशेजारचा गर पांढरट, स्पंजासारखा आणि बेचव. साका बाहेरून ओळखता येत नाही, त्यामुळे विक्रेत्याशी हुज्जत घालण्यात अर्थ नसतो. तो हापूसच्या जातीचाच दोष आहे आणि उष्णतेने वाढतो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूसच्या संकरातून काढलेल्या रत्ना या जातीत तो येत नाही. पाहुण्यांपुढे मात्र सबंध आंबा न ठेवता कापून ठेवावा, हे साक्यामुळे सुचलेले शहाणपण.

वाटपाचा विचार आढी लावतानाच करून ठेवावा. पहिल्या दिवशी तयार झालेल्यांतला सर्वांत चांगला, डागविरहित आंबा देवापुढे जातो. त्यानंतर लेकीचा आणि बहिणीचा वाटा, शेजारच्या घरी अर्धा डझन, घरकामाला येणाऱ्या मावशींचा वाटा, आणि या सर्वांना द्यायचे आंबे ‘उद्याच्या’ वाट्यातून काढावेत. आजचा आंबा दिला तर ज्याला दिला त्याच्यावर तो लगेच खायची सक्ती होते, आणि परवाचा दिला तर तो फ्रिजमध्ये टाकला जातो. जावई जेवायला यायचा असेल तर तो रविवार आधीच ठरवून त्या हिशेबाने आढी लावावी. आंबे पिकल्यावर निमंत्रण देण्याची पद्धत सोयीची वाटते, पण त्यात कोणीतरी गावाला गेलेले असतेच.

रसासाठी निम्मा हापूस आणि निम्मी पायरी घेतली तर रस पातळही होत नाही आणि गोळाही होत नाही. नुसत्या हापूसचा रस घट्ट होतो, त्यात दूध घालावे लागते. आंबे तास-दोन तास गार पाण्यात बुडवून ठेवावेत, त्याने सालीवरचा चीक सुटतो आणि फळ आतूनही निवते. देठ काढून पहिले दोन थेंब पिळून टाकावेत, नाहीतर घशात खवखवते. मग हलक्या हाताने फळ मऊ करून गर काढावा, कोयी थोड्या दुधात धुऊन घ्याव्यात आणि पुरणयंत्रातून रस फिरवावा. मिक्सरमध्ये रसाला हवा लागून तो फेसाळतो, मला तो आवडत नाही. चिमूटभर मीठ, आणि साखर चव पाहून. चांगल्या आढीच्या आंब्याला ती लागत नाही. ताटात वाढल्यावर रसावर साजूक तूप आणि मिरपूड किंवा सुंठ घालतात, ती पचनासाठी, आणि वेलदोडा घालायचा की नाही यावर प्रत्येक घराचे स्वतंत्र मत असते. पुऱ्या तळायला रस काढून झाल्यावरच बसावे. उरलेल्या साली आणि कोयी पाण्यात कोळून, त्याला थोडे बेसन लावून, तूप-जिऱ्याची फोडणी दिली की फजिता होतो, आणि दुपारच्या जड जेवणानंतर रात्री भाताबरोबर तो पुरेसा असतो.

हंगामाच्या मध्यावर एक-दोन दिवस असे येतात की आढी एकदम पिकते आणि खाणारी माणसे थकतात. तेव्हा रस आटवून ठेवावा. जाड बुडाच्या पातेल्यात रस घेऊन मंद आचेवर सतत ढवळत राहावे; घट्ट होऊ लागला की तो ज्वालामुखीसारखा उडतो, म्हणून लांब दांड्याचा डाव आणि पूर्ण बाह्यांचा सदरा हवा. बाजूने सुटू लागला की साखर घालावी, रसाच्या निम्मी पुरते, आणि पुन्हा गोळा होईपर्यंत आटवावे. कोरड्या बरणीत तो वर्षभर टिकतो आणि दिवाळीत त्याच्या वड्या करता येतात. पुण्याची मे महिन्यातली कोरडी हवा आंबापोळीला मात्र कोकणापेक्षा जास्त सोयीची आहे. तूप लावलेल्या स्टीलच्या ताटात रसाचा पातळ थर द्यावा, वर तलम कापड बांधावे, कडक उन्हात ठेवावे आणि पहिला थर सुकल्यावरच दुसरा द्यावा. तीन-चार उन्हांत पोळी सुटते. वळवाचे ढग दिसले की ताटे आत, मग ती कितीही अर्धवट असोत.

मुले खाऊन झालेल्या कोयी कुंडीत लावतात, लावू द्याव्यात, फक्त त्यांना खरे सांगावे. हापूसच्या कोयीतून उगवलेले झाड हापूस देईल याची खात्री नसते, कारण कोयीत दुसऱ्या झाडाच्या परागाचाही वाटा असतो. त्यासाठी त्या रोपावर हापूसच्या काडीचे कलम बांधावे लागते. कोयीतून कोवळा लालसर कोंभ वर आला की त्याच्यावरच काडी बांधतात, त्याला कोय कलम म्हणतात, आणि कोकणातल्या रोपवाटिका पावसाळ्याच्या तोंडावर हेच काम करत असतात.

मृग नक्षत्र लागले, म्हणजे जूनचा पहिला आठवडा सरला, की आंबा खाऊ नये असे जुनी माणसे सांगतात. पावसाच्या दमट हवेत फळमाशीच्या अळ्या निघतात आणि कूजही वाढते, त्यामुळे त्या सुमाराला घरात आढी लावू नये हे बरोबरच आहे. ज्यांचा हंगाम तरीही संपला नसेल त्यांनी जुन्नर तालुक्यातला हापूस पाहावा. तो कोकणातला माल संपत आला की बाजारात येतो, पण तो थोडा-थोडा, दोन-तीन दिवसांत संपेल एवढाच आणावा. शेवटची आढी उठवल्यावर पेंढा पुढच्या वर्षासाठी बांधून ठेवू नये, कारण सडलेल्या फळांची बुरशी त्यात राहते. तो कुंड्यांत आच्छादन म्हणून घालावा किंवा खतात टाकावा, गोणपाट धुऊन कडक उन्हात वाळवावे, आणि लाकडी पेटी मोकळी करून, खिळे ठोकून, कांदे-बटाट्यांसाठी स्वयंपाकघरात ठेवावी.